एका बाटलीचं रीडिंग

माणातल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या कोळेकर बाईंपुढं एखाद्या पोरानं "बाई, किती यायला पाहिजे?" असं विचारलं, की बाई चष्मा कपाळावर चढवतात.

"यायला किती पाहिजे ते मला काय ठावं? आलंय किती?"

"नऊ पॉइंट चार."

"मग लिव्ह की!"

पोरं मागं त्यांची नक्कल करतात, पण लिहितात मात्र आलेलंच. त्यामागची गोष्ट जुनी नाही, सहाच वर्षांपूर्वीची, त्र्याहत्तरच्या जूनमधली. तेव्हा बाई बाई नव्हत्या. अर्जुना धनगराची राही होत्या.

तालुक्याला, दहिवडीत, कॉलेज निघालं ते खरेदी-विक्री संघाच्या गोदामात. पुढच्या अंगाला मटकीची पोती, मागच्या अंगाला विज्ञान शाखा. शिकवायचं पहिल्या वर्षापर्यंतच. पुढची दोन वर्षं करून पदवी घ्यायची तर सांगली गाठायची. राही पहिल्याच तुकडीतली. दुष्काळाचं ते सलग तिसरं साल होतं. गावाच्या विहिरीला टँकरची वाट बघायची, तिथं प्रयोगाला शुद्ध पाणी कुठलं?

मुजावर सरांनी वाट काढली. कुतुबुद्दीन मुजावर म्हणजे अंगानं काडी, आवाज मात्र ढोलासारखा. एस.टी. डेपोत गाड्यांच्या बॅटरीत घालायला शुद्ध पाणी येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. दर शनिवारी सर सायकलला कॅन बांधून डेपोत जायचे आणि मेकॅनिकच्या हातापाया पडून पाणी आणायचे. एका विद्यार्थ्याला एक सोड्याची बाटली. द्रावण त्यातच करायचं, काच त्यातच विसळायची. विसळलेलं पाणीही बादलीत धरायचं. बाहेरच्या कडुलिंबाच्या रोपाला ते लागायचं.

त्यामुळं झालं काय, की एका प्रयोगाचं रीडिंग एकदाच. उभ्या काचेच्या नळीतून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचं, रंग गुलाबी व्हायच्या क्षणी तोटी बंद करायची आणि आकडा वाचायचा. चुकलं तर पुढच्या शनिवारपर्यंत थांबा. पुस्तकात लिहिलं होतं, तीन वेळा करा. मुजावर सर म्हणायचे, "पुस्तक लिव्हणाऱ्याच्या घरी नळ असणार."

त्या एका बाटलीनं राहीचा हात असा बसला, की थेंब तोटीला लोंबता असतानाच तिला कळायचं, हा सोडायचा की राखायचा.

पास झाली. मेंढरांमागं फिरणारा अर्जुना खांद्यावर घोंगडं टाकून लेकीला घेऊन सांगलीला आला. घरात ठरलं होतं ते एवढंच: आणखी दोन वर्षं, एक दिवस जास्त न्हाई. ती सरली की राही बोहल्यावर. आटपाडीकडचं स्थळ थांबून होतं.

सांगलीच्या कॉलेजचा एक रिवाज होता. बाहेरून आलेल्याला केमिस्ट्री हा मुख्य विषय हवा असेल, तर त्याची पहिल्या वर्षाची प्रयोगवही विभागप्रमुखांनी बघायची. सही झाली तर दुसऱ्या वर्षात. नाही झाली तर पहिलं वर्ष पुन्हा.

विभागप्रमुख प्रभुणे सर. इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला तांबडं पेन. वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं, तिसरं.

"हे काय? प्रत्येक प्रयोगाला एकच रीडिंग?"

"व्हय सर. पाणी एकच बाटली मिळायचं."

"पाणी?" सरांनी वर बघितलं. "कोळेकर, हे शास्त्र आहे. एका रीडिंगवर कोण विश्वास ठेवील? तुझ्याच कॉलेजातले तिघे सकाळी येऊन गेले. त्यांच्या वह्यांत तीन-तीन आहेत."

ते तिघं कोण आणि त्यांनी सुट्टीत बसून काय लिहिलं, हे राहीला ठाऊक होतं. एका आकड्याखाली त्याच्यासारखेच दोन. तिघांचे पाय केव्हाच दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पडले होते.

"पाचला ऑफिस बंद होतं," सर म्हणाले. वही मिटून पुढं सरकवली आणि खालच्या आवाजात जोडलं, "त्याआधी पुरी करून आण. काय ते समज."

राही बाहेर पायरीवर आली. अर्जुना तंबाखू मळत बसला होता.

"झालं?"

"न्हाई. दोन-दोन आकडं आणखी लिवा म्हंत्यात."

"मग लिव्ह की! शाई संपलीया व्हय?"

"आबा, म्या केलंच न्हाई दोन येळा. कसं लिवू?"

"आगं, आकडा काय बोंबलत जातुया का सांगाय? समदी लिवत्यात. तुला एकटीलाच खाज हाय!" त्यानं चुना झटकला. "राहे, नीट आईक. येक साल मागं पडलं तर पावणं थांबायचं न्हाईत. आन मी बी थांबायचा न्हाई. तुझ्या आयला तोंड मला द्याचं हाय."

"ठावं हाय मला."

"मग?"

"तुमी कवा सा दाती मेंढी चार दाती म्हून इकली का?"

मेंढीचं वय दातांवरून ठरतं. दात वाढले की वय वाढलं, किंमत उतरली. अर्जुनानं असे डोळे वटारून बघितलं, जणू भर बाजारात कुणी त्याचं मुंडासं ओढलं होतं.

"मी? इकीन कसा? गिऱ्हाईक तोंड उघडून बघतंय की!"

"मग माजं बी बघू द्या की त्यास्नी तोंड उघडून!"

ती उठली. मागून अर्जुना ओरडला, "राहे, उलट बोलू नगंस मास्तराला!" तोवर ती आत गेली होती.

"सर, वही पुरी केली न्हाई मी."

"मग आलीस कशाला?"

"तुमी द्रावण द्या. तुमच्या डोळ्यांम्होरं करते. तीनदा करा म्हंता, तीनदा करते. हात खोटा निघाला तर पयलं वर्ष बिनतक्रार पुन्हा. पर वहीत न केलेलं लिवणार न्हाई."

प्रभुणे सरांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. मग दाराशी उभ्या असलेल्या दस्तगीर शिपायाला म्हणाले, "टेबल लावा. सकाळचं द्रावण द्या हिला."

दस्तगीरनं नळ सोडला. धो धो पाणी. राहीनं आधी तो नळ बंद केला. वाटीभर पाण्यात काच विसळली आणि सवयीनं विसळलेलं पाणी एका भांड्यात धरलं.

"ताई, मोरीत वता की," दस्तगीर हसला. "हितं किस्ना हाय!"

"असंल," राही म्हणाली, आणि भांडं बाजूला ठेवलं.

पहिलं रीडिंग नऊ पॉइंट सहा. दुसरं नऊ पॉइंट सहा. प्रभुणे सर लांबच्या टेबलावर कागद चाळत होते, पण पान काही उलटत नव्हतं.

तिसरं. थेंब, थेंब, थेंब. फ्लास्क हलवत राहिली. अजून बिनरंगीच. एक थेंब. बिनरंगीच. आणखी एक, आणि फिकी गुलाबी छटा आली ती टिकली. नऊ पॉइंट सात.

दस्तगीर कानाशी कुजबुजला, "सा लिवा, ताई. तिन्ही सारखं दिसत्यात. सर लांब हाईत."

राहीनं पेन उचललं. बाहेर पायरीवर आबाचा खोकला ऐकू येत होता. तिनं लिहिलं: नऊ पॉइंट सात.

सर आले, कागद बघितला.

"हे तिसरं वेगळं कसं?"

"आलं तसं लिवलं."

"शेवटचा थेंब जास्त पडला असेल."

"पडला असंल. पर पडला तर पडलाच न्हवं?"

सरांनी खुर्ची ओढली. वही उघडली, तांबडं पेन काढलं आणि पहिल्या पानावर लिहिलं: "रीडिंग अपुरी." मग त्याच्याखाली त्यांनी सही केली, आणि पान उलटून पुढच्या प्रत्येक प्रयोगाखालीही.

"शेरा राहील," ते म्हणाले. "तो मी खोडणार नाही."

"ऱ्हाऊ द्या सर. अपुरं हाय ते हायच. खोटं न्हाई ना?"

"सकाळच्या त्या तिघांना उद्या बोलावतो," सर एवढंच म्हणाले. "करू देत तेही माझ्यासमोर."

पाचला पाच मिनिटं असताना राही ऑफिसातून प्रवेशाची पावती घेऊन बाहेर आली. हातात ते विसळलेल्या पाण्याचं भांडं होतं. दस्तगीरकडून मागूनच घेतलं होतं. पायरीजवळच्या जास्वंदीला तिनं ते ओतलं.

अर्जुना घोंगडं झटकून उभा राहिला. लेकीच्या तोंडाकडं बघून अंदाज येईना.

"बघितलं का तोंड उघडून?"

"बघितलं."

"मग? किती दाती?"

"चार दाती," राही म्हणाली. "चला, दहिवडीची गाडी जाईल."

अर्जुना निघाला. फाटकापाशी थांबून त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आटपाडीच्या पावण्यास्नी सांगून टाकतो. दोन वर्सं थांबा, न्हाईतर दुसरी पोरगी बघा म्हनावं!"