बर्फाच्या खणातली इंजेक्शनं

मुलीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं. मुलगी जर्मनीत असली म्हणून काय झालं? माझं मोठं आतडं मात्र रीतभात जाणत नाही. त्याला जखमा होतात, रक्त पडतं, आणि एकदा बिनसलं की दिवसभर संडासाच्या आसपासच संसार मांडावा लागतो. दर पंधरवड्याला पोटात टोचायच्या इंजेक्शनांमुळे ते गप्प होतं. तेवढ्याच भरवशावर डॉक्टरांनी जायला हो म्हटलं.

इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात वर आम्ही, खाली मोठी जाऊ. आमचा फ्रीज उन्हाळ्यात नेहमी दगा देतो, म्हणून इंजेक्शनं तिच्याकडे होती. मे महिन्यातलं नागपूर, दारातून निघतानाच डोळे भाजत होते. जावेनं थंड पिशवी भरून हातात दिली, डिंकाचे लाडू दिले, आणि मी विमानात बसले.

पोचल्याचा फोन केला तेव्हा तिनं आधी इंजेक्शनांचंच विचारलं.

"गार राहिले नं? मी रात्रीच वरच्या बर्फाच्या खणात ठेवले होते. इतक्या उन्हात खालच्या खणाचं काय खरं वं?"

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि खोका वाचला. गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. वाचलं, पण ते खरंच वाटेना. मुलीनं माझ्या हातातून खोका घेतला, वाचला, आणि पोट सावरत खाली बसली. सुया तर अगदी चांगल्या दिसत होत्या. तीन महिन्यांचं औषध एका रात्रीत, तेही मायेपोटी, वाया गेलं होतं. मला भयंकर राग आला. पण जावेला काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं तिकडे जेवण सोडलं असतं.

तिथल्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळाली, पण ती बाळंतपणाच्याही नंतरची. आतडं काही तोवर थांबणार नव्हतं. पुन्हा रक्त दिसलं त्या सकाळी मी संडासात नुसती बसून राहिले. मी करायला आले होते, करून घ्यायला नव्हे. नात झाली तेव्हा दवाखान्यातसुद्धा जाता आलं नाही. मुलगी टाके सांभाळत घरी आली आणि तिनंच माझ्यापुढे मऊ भात ठेवला.

नाळ पडल्यावर पहिली अंघोळ ठरली. मी तेल कोमट केलं, पाटावर बसले, आणि तशीच उठून पळाले. मग जावई पाटावर बसले आणि मुलीनं नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. संडासाची भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं. जाऊ सांगत होती, पाय लांब करा, मान सांभाळा. मध्येच तिनं विचारलं,

"तुझी माय कुठं गेली वं? दिसून नाही राहिली."

"संडासात आहे, मोठी आई. लय रक्त जाऊन राहिलं तिचं."

"काहून? इंजेक्शनं तर मी चांगले गार ठेवून देल्ले होते."

मी भिंतीवर हात आपटला. मुलीनं ऐकलं नाही, किंवा ऐकूनही ऐकलं नाही.

"बर्फात ठेवायचे नव्हते ते. गोठून खराब झाले. तिनं तुले सांगितलं नाही."

बाळ रडायला लागलं. मी उठू शकत नव्हते. मग जावेचा आवाज आला, तिचा आहे हे ओळखूही येऊ नये असा.

"जावईबापू, पाणी थंड होऊन राहिलं. घ्या लेकराले पायावर."