चौदा सेट आणि साळवी सरांची सही

मी चौदा होड्यांचे वायरलेस सेट बिघडवले होते, आणि टेस्ट रिपोर्टवर सही साळवी सरांची होती.

काल दुपारी साळवी सर गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास द्यायचा नाही हा स्वभाव शेवटपर्यंत.

८७-८८चा काळ असेल. रत्नागिरीत वायरलेस सेट विकणारी आणि दुरुस्त करणारी एक छोटी कंपनी होती. सर तिथले सीनियर टेक्निशियन. रत्नागिरीच्या उकाड्यात बिनबाह्यांचा स्वेटर घालणारा मी पाहिलेला एकमेव माणूस.

मी मालगुंडची, रेडिओचा डिप्लोमा झालेली, वर्कशॉपमधली एकुलती एक मुलगी. सहा महिने प्रोबेशनवर.

बाबांनी घरी स्वच्छ सांगितलं होतं. नोकरी पक्की झाली तर कर. नाही झाली तर तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघायची.

तेव्हा मोबाइल म्हणजे गाडीत नाहीतर होडीत बसवायचा सेट. चांगला विटेएवढा जड. आम्ही त्याचं मॉड्युलेशन तपासायचो.

म्हणजे माणूस माइकवर बोलला की सेटमधून जाणारी लहर दोन्ही बाजूंना किती झुलते, ते मीटरवर बघायचं. ओटीवरच्या झोपाळ्यासारखंच. कमी झुलली तर आवाज किरटा येतो, जास्त झुलली तर पलीकडच्याला फाटका ऐकू येतो.

आमची मर्यादा पाच किलोहर्ट्झ. "पाच म्हणजे पाच," सर म्हणायचे. आणि मीटर अर्धा तास गरम झाल्याशिवाय ते त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या आत चौदा सेट होड्यांवर जायचे होते. नेमका ऑडिओ जनरेटर, म्हणजे सेटला मापात आवाज देणारं यंत्र, दुरुस्तीला मुंबईला गेलेला. सर चार दिवस रजेवर.

मला वाटलं, यंत्र नसेना, मला तोंड आहे ना.

मी माइकसमोर "हॅलो, एक दोन तीन" म्हणायची आणि काटा पाचवर येईपर्यंत स्क्रू फिरवायची. दोन दिवसांत चौदाही सेट तयार. काय तो अभिमान.

सरांनी आल्यावर माझ्या भरवशावर सह्या केल्या. जनरेटरशिवाय कसं जमवलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत होड्यांचे तांडेल, म्हणजे कप्तान, वर्कशॉपच्या दारात. बाबू तांडेल सगळ्यांत पुढे. त्यांचं म्हणणं, सेट बसवल्यापासून एका होडीवरचं दुसऱ्या होडीवर काही कळत नाही.

"उद्या समिंदरात काय झाला तर हाक कोनाला मारायची?"

आमच्या मालकांनी रिपोर्ट काढले आणि कुणी तपासलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "सही माझी आहे. मला एक दिवस द्या."

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. रडतच. नोकरी गेली, स्थळं आली, हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्या साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. होडीवर चढायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही मीटर मांडीवर घेऊन रिक्षाने मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. बर्फाच्या कारखान्यातून वायर ओढून मीटर लावला. तो गरम होईपर्यंत सर धक्क्यावर शांत बसून होते.

मग त्यांनी होडीचं इंजिन सुरू करायला लावलं आणि बाबू तांडेलांच्या हातात माइक दिला.

धक्क्यावर ही गर्दी. तांडेल लाजले. एकदम आकाशवाणीच्या थाटात म्हणाले, "नमस्कार, मी बाबू तांडेल बोलत आहे." काटा पाचाच्या अलीकडेच.

सर म्हणाले, "असं नको. जाळं होडीच्या पंख्यात अडकल्यावर जे बोलता, ते बोला."

ते जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही, माझी सून फेसबुकवर आहे.

काटा थेट दहाच्या पलीकडे जाऊन आपटला. बंदरातल्या बाकीच्या सगळ्या सेटवर ती शिवी पोचली, तीही फाटून. अख्खा धक्का हसला. मला मात्र माझी चूक तिथे डोळ्यांनी दिसली. मी चौदा सेट माझ्या घरातल्या आवाजावर लावले होते. आणि हे लोक तर इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलणारे.

सरांनी प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाले. होडी हलत होती, धुराने डोळे चुरचुरत होते. प्रत्येक तांडेलाला पोटातून ओरडायला लावून मी एकेक सेट पाचवर आणला. चौदाही.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "आता साहेबांना तू सांगायचंस. काल सांगितलं असतंस तर नुसती चूक सांगितली असतीस. आज ती दुरुस्त केल्याचंही सांगशील."

मी सांगितलं. मालक माझ्याकडे न बघता सरांना म्हणाले, "मग हिचं काय करायचं?"

सर म्हणाले, "पक्कं करा. ही चूक ती आता जन्मात करणार नाही. नवा माणूस घेतलात तर तो पहिल्यापासून करेल."

पुढच्याच आठवड्यात ऑर्डर मिळाली. बाबांनी दोनदा वाचली आणि देवापुढे ठेवली. त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी हेच काम केलं, आणि फार आवडीने केलं.

आज सकाळी सरांच्या घरी गेले होते. काकूंनी जवळ बसवलं. म्हणाल्या, "तू त्यांच्या हाताखाली होतीस ना? घरी ऑफिसचं फारसं बोलायचेच नाहीत. सांग ना काहीतरी."

मी होडीची सगळी गोष्ट सांगितली. काकू हसल्या, मग डोळे पुसले.

त्या मला कायम "यांच्या ऑफिसातली हुशार मुलगी" म्हणून ओळखायच्या. माझ्या चुकीबद्दल सरांनी त्यांनाही कधी एक शब्द सांगितला नव्हता.

सर, येते. मनापासून नमस्कार.