शालूताईची चंपी

शालूताईच्या कारखान्यातल्या मंदाचा फोन आला तेव्हा मी रोह्याजवळ वरसेतल्या आमच्या घरात गॅसवर दूध ठेवून उभी होते. शालूताई सकाळी चहा पिता पिता गेली... एवढंच तिला सांगता आलं. आणि मग रडता रडताच म्हणाली, "सुमनताय, चंपीचं काय करायचं वो? ती खाटेखालून बाहेर येत नाय, नि कोणाला जवळ येऊ देत नाय." खरं सांगते, माझी सख्खीपेक्षा सख्खी मावसबहीण गेली याचं दुःख मला त्या क्षणी झालंच नाही. भीती वाटली. दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी माझ्या डोळ्यांसमोर ती खाटेखालची कुत्रीच.

मी कुत्र्यांना भिते. थोडीथोडकी नाही. रोह्याच्या बाजारात नाक्यावर कुत्रं आडवं पडलेलं दिसलं तर भाजी न घेता परत येणारी बाई मी. शालूताई नेमकी उलट. लहानपणी विंचू दिसला की चप्पल आणायला मी पळायची, आणि मी चप्पल घेऊन येईस्तोवर तिने तो ठेचलेला असायचा. तिने लग्न केलं नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात उभा जन्म गेला. सीझनला मान वर करायची फुरसत नसायची, पण मूर्ती गेल्या आणि शेड रिकामी झाली की तिला करमायचं नाही. अशाच एका रिकाम्या दिवशी मूर्ती बांधून उरलेली पोती द्यायला म्हणून ती हायवेजवळच्या कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये गेली आणि येताना टेम्पोत चंपीला घालून घेऊन आली. अंगावर केस नाही, कातडं चिघळलेलं, कानात किडे, बरगड्या तर लांबूनही दिसाव्यात अशा. शेल्टरमधली माणसं वाईट नव्हती, पण कुत्री ढीगभर आणि सांभाळणारी दोन. "थोडे दिवस ठेवते, बरी झाली की देते परत," ताई म्हणाली. अंगावर केस नाही म्हणून नाव चंपी! मी फोनवर म्हटलं, "ताई, तुला वेड लागलंय." तर म्हणते, "लागू दे गो. तुझ्या घरी येऊन चावणार नाय मी."

मूर्तीच्या कारखान्यात सगळंच पांढरं असतं. शाडूच्या मातीची राड, प्लास्टरची भुकटी, माणसांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. एके दिवशी चंपी तोंडाला पांढरं लावून समोर आली. दुसरीकडे कुठे असती तर माणसं ओरडत पळाली असती. ताईला मात्र वाटलं, हिने शाडूच्या बादलीत तोंड घातलं. "मेले, परत?" असं म्हणून तिने उघड्या हाताने ते पुसलं. मातीत काम करणाऱ्यांचे हात बारमाही फुटलेले, भेगांतून रक्त येणारे. हाताला ऊन, चिकट लागलं तेव्हा ती चपापली. तेवढ्यात चंपी आडवी झाली आणि पाय झाडायला लागली. तो फेस होता.

पिसाळली, पिसाळली, असा एकच गलका झाला. कोणी बांबू उचलला. ताई मधे उभी राहिली. "आधी मला हाणा," म्हणाली. जनावरांचे डॉक्टर आले, पण छातीठोकपणे काही सांगेनात. आधीच्या आजारामुळे आलेली फिट असेल, नाहीतर... कुत्रीला वेगळं बांधून ठेवा, लक्ष ठेवा, दहा दिवस जगली तर भीती नाही, आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता जाऊन इंजेक्शन घ्या, एवढं सांगून गेले. ताईने सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू केली. मी मात्र इथे रोज अर्धी मरत होते. फोन केला की पहिला प्रश्न, चंपी जेवली का? जी कुत्री डोळ्यांसमोर नको होती तिला जगव म्हणून मी रोह्याच्या धावीर महाराजांना नारळ बोलले! ती मेली तर पुढचा नंबर आमच्या ताईचा, एवढंच डोक्यात. ताई हसायची. "एवढी काय भितेस गो? मला कसली भीती नाय." चंपी जगली. फिटच होती ती. जन्मभर सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायची ठरली, आणि परत द्यायची गोष्ट ताईने पुन्हा काढली नाही.

ताईचं सगळं आटोपल्यावर कारखान्याच्या शेठनी अगदी नरमाईने विषय काढला. सीझन तोंडावर आलाय, कुत्रीला शेल्टरला परत पाठवू या. माझ्या मनात आलं, त्या ढीगभर कुत्र्यांत हिची गोळी कोण लक्षात ठेवणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेते." आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. टेम्पोत मी पुढे, चंपी मागे, आणि नागोठणं येईपर्यंत मी मान वळवून वळवून बघतेय की दोरी सुटली तर नाही. घरी आणली तरी तिला हात लावायची माझी छाती नाही. भाताच्या मुटक्यात गोळी दडपायची, तो उलथन्यावर ठेवायचा आणि लांबून सरकवायचा. ह्यांनी सांगितलं, "सुमन, झेपत नसेल तर सांग. परत सोडून येऊ." मीही मनातून तेच ठरवत आणलं होतं.

गेल्या आठवड्यात हे सेकंड शिफ्टला गेले आणि भर दुपारी चंपीला फिट आली. मी आधी सरळ खाटेवर चढले. पण तिचं डोकं कपाटाच्या लोखंडी पायावर आपटायला लागलं, तो आवाज ऐकवेना. उतरले, उशी घेतली आणि डोळे मिटून तिच्या डोक्याखाली कोंबली. थोड्या वेळाने ती थांबली. लटपटत उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि टक लावून बघत राहिली. पाणी ठेवलं, शिवली नाही. बिस्किट टाकलं, बघितलं नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघतेय. आता ही अंगावर येणार! मी मंदाला फोन लावला.

"व्हय, तशीच बसते ती," मंदा म्हणाली. "हिची फिट गेली ना, की शालूताय मागल्या शेडमधी जाऊन रडायची वो. हमसून हमसून. अंग नुसतं लटलट कापायचं तिचं. मग ही उठून जायची नि ताय गप होईस्तोवर तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. दर टायमाला. तुम्ही रडायची वाट बघत असेल ती."

म्हणजे ताई भीत होती. माझ्यासारखीच, अगदी लटलट कापत... आणि तिचं ते रडणं या एका मुक्या जनावराला तेवढं ठाऊक होतं. ती गेल्यापासून मी रडले नव्हते. भीतीने जागाच ठेवली नव्हती. फोन कानाला तसाच होता आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. चंपी उठली. हळूहळू आली आणि माझ्या मांडीवर तिने डोकं ठेवलं. जड, ऊन डोकं. मी घाबरलेलीच होते. पण उठले नाही.