वाटेत दिलेली ज्योत

देव नाही, असं मी घरात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो तेव्हा आम्ही झेंडू तोडत होतो. घटस्थापना तोंडावर आली होती आणि म्हसरूळच्या आमच्या मळ्यात सगळ्यांचे हात केशरी झाले होते. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान वर न करता विचारलं, ‘‘मग ही फुलं कोणासाठी तोडतोय आपण?’’ आई हसली. मला मात्र राग आला. कितीतरी दिवस वाचून, वाद घालून, झोप घालवून मी त्या वाक्यापर्यंत पोहोचलो होतो आणि आण्णांनी ते पडलेल्या बाजारभावासारखं ऐकून सोडून दिलं होतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय भौतिकशास्त्र. अभ्यास जमत नव्हता असं नाही. पण माझं डोकं भलतीकडे अडायचं. एकदा सरांना विचारलं की निसर्गाचे नियम आज आहेत तेच उद्याही राहतील, हे आपण कशावरून म्हणतो? सर चेष्टेने म्हणाले, हा प्रश्न वरच्या मजल्यावर विचार, तिथे तत्त्वज्ञानाचा वर्ग भरतो. सगळे हसले. तास संपल्यावर मी खरंच वर गेलो. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं बसली होती. तिथल्या बाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, उत्तर मिळालं हे तुला कळणार कसं? त्या दिवसापासून मी रोज वर जाऊन बसायला लागलो आणि खालचे तास बुडायला लागले. माझं खरं घर वरच्या मजल्यावर आहे, हे मला लवकरच कळलं. विषय बदलायचा असं मी ठरवलं. प्रवेश बदलायला त्या वर्षी वाढीव मुदत मिळाली होती आणि ती नवरात्रातच संपत होती.

आण्णा ऐकेनात. ते स्वतः दहावीनंतर शेतीत उतरलेले. मुलगा शास्त्र शिकतो याचा त्यांना अभिमान होता. तत्त्वज्ञान ही त्यांच्या मते म्हाताऱ्या माणसांनी देवळाच्या ओट्यावर करायची गोष्ट होती. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको’, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांच्या मनाविरुद्ध जाऊन विषय बदलायची माझी छाती नव्हती आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही नव्हती. त्यांनी हो म्हणावं, हेच मला हवं होतं.

आमच्या भागात घट बसायच्या आधी सप्तशृंग गडावरून ज्योत आणतात. गावातली माणसं आदल्या दिवशी गडावर जातात, पहाटे देवीच्या दिव्यावर मशाल पेटवतात आणि ती आळीपाळीने, अनवाणी, पळत गावात आणतात. मागे टेम्पो असतो, त्यावर स्पीकर. ज्योत आल्याशिवाय आमच्याकडे घट बसत नाहीत, आणि घट बसेपर्यंत बायका तोंडात पाणी घेत नाहीत. मशाल वाटेत विझलीच तर पुन्हा पेटवता यावी म्हणून त्याच ज्योतीवर लावलेला एक कंदील टेम्पोत ठेवतात. तो कंदील वर्षानुवर्षं आण्णाच घासूनपुसून तयार करायचे.

या ज्योतीवरून कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर आमचा वाद झाला होता. माझा मित्र हिरामण पेठ तालुक्यातला, वसतिगृहात राहायचा, माझ्याच वर्गात होता. देवाला तो मानत नव्हता आणि तत्त्वज्ञानाला तर मुळीच नाही. तो म्हणाला, ज्योत ही वस्तूच नाही, सतत घडत राहणारी क्रिया आहे. गड उतरेपर्यंत तेल बदललं, चिंध्या बदलल्या, हवा तर क्षणाक्षणाला बदलते. मग तुम्ही पळवत आणता ते नेमकं काय? हा प्रश्न मला इतका आवडला की मी तो घरी आणला आणि त्यात माझी भर घातली. आण्णा कंदिलाची काच पुसत बसले होते. मी म्हणालो, देवीवर एवढा विश्वास आहे तर कंदील कशाला लागतो?

‘‘विश्वास देवीवर हाय,’’ आण्णा म्हणाले, ‘‘वाऱ्यावर नाय.’’ मग काच दिव्यासमोर धरून बघत म्हणाले, ‘‘तुझं फिजिक्स हा कंदीलच हाय. आधी तो नीट सांभाळ. मग पळ कुठं पळायचं ते.’’

वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही त्यावर काही सुचलं असतं असं वाटत नाही.

त्या वर्षी आण्णांचा गुडघा गेला होता. लग्नाच्या आधीपासून ते ज्योतीला पळत आले होते आणि आमच्या घरातला एक माणूस ज्योतीत असतोच, असं गावात सगळे धरून चालत. ते मला म्हणाले, देवीसाठी येऊ नको, माझ्यासाठी ये. यावर वाद घालता येत नाही. मी गेलो. हिरामणही कुतूहल म्हणून आला आणि येताना सांगून आला की पाया पडणार नाही. त्याच्यावर कोणी जबरदस्तीही केली नाही. गडावर तो आमच्या सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला.

पहाटे ज्योत निघाली. घाट उतरून नांदुरी, मग वणी. वणी सोडल्यावर मशाल माझ्या हातात आली. मी पळत होतो, पण मनात दुसरंच चाललं होतं. मुदत संपायला आली होती आणि माझ्याकडे आण्णांना सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. एका वस्तीच्या फाटकाशी एक बाई तबकात पणती घेऊन उभी होती. वयाने माझ्या आईएवढी असेल. तिने ज्योतीवरून पाणी ओवाळलं आणि म्हणाली, ‘‘दादा, माझ्या घटाला लावून द्या ना.’’ मागून नाना ओरडले की थांबू नको. नाना आमच्या मंडळाचे जुने माणूस, फार शिस्तीचे. वाटेत अशी ज्योत वाटत बसलो तर आपले घट संध्याकाळी बसतील, असं त्यांचं म्हणणं. ते चूक नव्हतं. पण माझ्या लेखी ती साधी आग होती. आगीतली आग मागणाऱ्या बाईला नाही म्हणायचं काही कारण मला दिसेना. मी मशाल वाकवली, तिची पणती लागली आणि आम्ही पुढे निघालो.

थोडं पुढे गेलो असू तेवढ्यात पाऊस आला. परतीचा पाऊस कसा येतो ते आमच्याकडच्यांना ठाऊक आहे. समोर ऊन होतं आणि डोक्यावर पाण्याची धार. दोघांनी माझ्यावर छत्र्या धरल्या, तोवर समोरून एक मालट्रक गेला आणि त्याच्या चाकांनी उडवलेलं पाणी सगळं मशालीवर आलं. मशाल विझली. तरी कोणी घाबरलं नाही, कारण कंदील होता. आण्णा टेम्पोत तो मांडीवर घेऊन बसले होते. नानांनी टेम्पोचा पडदा वर केला आणि आण्णांनी कंदील पुढे केला तेव्हा दिसलं की तोही विझलेला आहे. मघाशी टेम्पो खड्ड्यात जोरात आदळला होता, तेव्हा वात खाली गेली असावी. दिवसाच्या उजेडात आणि काजळलेल्या काचेत आण्णांना ते कळलं नव्हतं. ते कंदिलाकडे बघत राहिले. आण्णांचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

कोणीतरी स्पीकर बंद केला. पावसाने सगळ्यांना आडोशाला पाठवलं होतं, त्यामुळे रस्त्यावर दुसऱ्या कोणत्या गावाची ज्योतही दिसेना. परत गडावर जायचं म्हटलं तर दिवस गेला असता आणि गावात बायका उपाशी बसल्या होत्या. एकजण पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, की देव न मानणाऱ्याच्या हातात दिली, मग काय होणार. आण्णांनी ते ऐकलं. माझं नाव, माझा वरचा मजला, आण्णांचा इतक्या वर्षांचा मान, सगळं त्या विझलेल्या चिंध्यांत येऊन बसलं होतं. आता आण्णा कशालाच हो म्हणणार नाहीत, हे मला दिसत होतं.

मग टेम्पोवाल्याने खिशातून लायटर काढला. तो नुसता पुढे धरला. सगळे नानांकडे बघायला लागले, नाना आण्णांकडे. आण्णा म्हणाले, ‘‘ह्याच्या हातात विझली. ह्यालाच विचारा.’’

हिरामण माझ्याकडे बघत होता. मी काय म्हणणार याची त्याला खात्री होती. आग ती आग, लायटरची असो की गडाची. टपरीवरच्या वादाचा अर्थ तोच होता आणि घरीही मी तेच ऐकवलं होतं. माझ्या एका ‘हो’वर सगळे सुटले असते आणि कोणी मला दोषही दिला नसता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘‘नको.’’

का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. युक्तिवाद एकही नव्हता. मी पहिल्यांदाच युक्तिवादाशिवाय उभा होतो आणि आश्चर्य म्हणजे मला त्याची लाज वाटत नव्हती. मला एवढंच कळत होतं की हे माझ्या हातातलं राहिलेलं नाही. जे काही व्हायचं ते होईल आणि जे होईल ते मी गावात आण्णांच्या शेजारी उभा राहून ऐकून घेईन. मनात देवीचं नावही आलं नाही. पण मी हात जोडले होते, असं हिरामण सांगतो. मशाल हातात असताना हात जोडणं कसं जमलं असेल कोणास ठाऊक, पण तो खोटं बोलत नाही.

तेवढ्यात मागच्या वळणावर ती बाई दिसली. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हाताने डोक्यावर परात धरलेली, भिजत, भरभर चालत येत होती. जवळ येऊन तिने किटलीचं झाकण सरकवलं. आत पणती जळत होती. धाप लागल्यामुळे ती तुटक तुटक बोलली. घट बसवला आणि घटाचा दिवा हलवता येत नाही, म्हणून त्यावरून दुसरी पणती लावून आणली. पाऊस बघितला, मग स्पीकर एकदम बंद झाला. ‘‘म्हटलं जाऊन तर बघावं,’’ ती म्हणाली, ‘‘लागलीच तर.’’

नाना पुढे झाले आणि भर रस्त्यात तिच्या पाया पडले. ती लाजून मागे सरली. मशालीवर नव्या चिंध्या आणि तेल चढवलं, पणतीवरून ती पेटवली. आधी कंदील लावून घ्या, असं आण्णांनी सांगितलं नाही, तेव्हा मीच त्यांच्या मांडीवरचा कंदील उचलला आणि लावून परत दिला. पाऊस ओसरला. आम्ही पळायला लागलो आणि गावात पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घट बसले.

यात चमत्कार असा काही नाही. हिरामणने मला नंतर नीट उलगडून दाखवलं, की पाऊस आणि शांतता यावरून त्या बाईने अंदाज बांधला, आणि कोणत्याही शहाण्या माणसाने तो बांधला असता. मला हे पूर्ण मान्य आहे. माझं अडतं ते दुसरीकडे. आमच्यातल्या भाविकांनी ती ज्योत राखायचा प्रयत्न केला आणि ती विझली. मी विश्वास नसताना, सहज, वाटेत देऊन टाकली, तीच परत आली. हे कशात बसवायचं ते मला भौतिकशास्त्रात सापडलं नाही आणि तत्त्वज्ञानातही नाही. त्याची मला आता पूर्वीसारखी तगमग होत नाही.

त्या संध्याकाळी आण्णा ओसरीवर घटासाठी कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ ओवत होते. मी फुलं निवडून देत होतो. कॉलेजचा विषय मी काढणार नव्हतो. त्या दिवसापुरतं तरी मला काही मागायचं नव्हतं. माळ अर्धी झाल्यावर ते म्हणाले, ‘‘मी मांडीवर घेऊन बसलो होतो रे. तरी विझला.’’

त्यांनी माळेला गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. ‘‘उद्या जा कॉलेजात,’’ ते म्हणाले. ‘‘विषय बदलून ये.’’

मला रडू आलं. देवघरात आई होती, म्हणून तोंड लपवायला मी मळ्यात गेलो.

आता मी तत्त्वज्ञानातच एम.ए. करतो आहे. हिरामण भौतिकशास्त्रातच पुढे गेला, अजून पाया पडत नाही आणि दरवर्षी ज्योतीला येऊन चपला सांभाळतो. देव आहे का, असं कोणी मला विचारलं तर मी वाद घालतो, कधी या बाजूने, कधी त्या. पण ज्या दिवशी माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं त्या दिवशी कोणीतरी भिजत माझ्यासाठी चालत आलं, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी कोणापुढे तरी मान वाकवतो. आण्णा अजूनही कंदील घासून देतात. तो मी घेतो, पण त्याच्या भरवशावर पळत नाही.

वणीच्या पुढे त्या वस्तीवर आता आम्ही दरवर्षी थांबतो. नानांची कुरकुर असतेच. ती फाटकाशी पणती आणि किटली दोन्ही घेऊन उभी असते. मी मशाल वाकवून आधी पणती लावतो, मग किटलीतली वात. ती झाकण सरकवत म्हणते, ‘‘राहू दे माझ्याजवळ. लागलीच तर हाय.’’ मी हो म्हणतो आणि पळायला लागतो.