एकतिसावं पान

बारीकभाऊ अंगाने चांगले आडवे होते. छापखान्यात त्यांना बारीक म्हणत ते त्यांच्या नजरेमुळे. मजकुरात एक टिंब जास्त पडलं तरी त्यांना ते भातातल्या खड्यासारखं लागायचं. बावीस वर्षं त्यांनी कॅटलॉगची मांडणी केली. नळांचे, कुलपांचे, पंख्यांचे, कसले कसले. बायको म्हणायची, "माझा उतरलेला चेहरा दिसत नाही तुम्हाला, पण उतरलेला स्वल्पविराम बरा दिसतो!"

शिड्यांच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा ते खुशीत होते. एकसष्ट प्रकारच्या शिड्या, अठ्ठेचाळीस पानं. आधी त्यांनी कोरे कागद दुमडून कच्ची वही केली. घरगुती शिड्या पुढे, कारागिरांच्या मध्ये, उंच सरकत्या शेवटी. कारखान्याच्या आवारात भिंतीवर पांढरं कापड ताणून दोन दिवस फोटो काढून घेतले. मालकांना फोटोत माणसं हवी होती.

"माणूस उभा केला की लोक माणसाकडे बघतात," बारीकभाऊ म्हणाले. "शिडी रिकामीच ठेवू."

प्रत्येक फोटोखाली तक्ता होता: उंची, पायऱ्या, वजन, किती भार पेलेल. तिसरं प्रूफ ते स्वतः वाचत होते. एकतिसाव्या पानावर एका घडीच्या शिडीपुढे भार लिहिला होता दीडशे किलो. त्यांची पेन्सिल थांबली. एवढीशी शिडी, आणि दीडशे? तेवढ्यात मशीनवरून हाक आली, निळा रंग फाकतोय. ते उठून गेले. परत येऊन बसले ते बत्तिसाव्या पानावर. मनात खुटखुट होती, पण खाली मालकांची सही दिसत होती. बघू नंतर, असं म्हणून त्यांनी पान उलटलं. तीन हजार प्रती छापून गेल्या.

पाच महिन्यांनी कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला. "बारीकभाऊ, ती एकतीस पानावरची शिडी आहे ना, आमच्या फाइलीत एकशे पाच लिहिलंय. कॅटलॉगात दीडशे कसं?"

"का? काय झालं?"

"एक रंगारी सभागृहाचं छत रंगवत होता. शिडी मोडली. गेला बिचारा."

मालकांनी हात झटकले. बिजागरी बाहेरून घेतलेली होती, तीच सदोष निघाली म्हणाले, आणि वर बारीकभाऊंचीच समजूत काढली. "प्रूफवर सही माझी आहे. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

पण छापण्याआधी आपली पेन्सिल त्या आकड्यावर थांबली होती, हे एकट्या बारीकभाऊंना माहीत होतं.

मग ते पान त्यांना सोडेना. रिकाम्या शिडीचा तो फोटो समोर धरला की तिच्यावर कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. दिसायचं काही नाही, पण पायऱ्या भाराने दबल्यासारख्या वाटायच्या. रस्त्यात कुणी शिडीवर चढलेलं दिसलं की ते माणूस खाली उतरेपर्यंत तिथेच उभे राहायचे. एकदा बायकोबरोबर बाजारातून येताना एक वायरमन शिडीवर चढून पाटी लावताना दिसला. बारीकभाऊंनी भाजीची पिशवी खाली टाकली आणि धावत जाऊन त्याची शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अहो, सोडा! तुम्हीच हलवताय मला!" वरून तो ओरडला.

ते सोडेनात. बायकोने एकेक बोट उकलून त्यांना बाजूला आणलं, एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. तिथे त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती जाऊन सांडलेली भाजी पिशवीत भरून आली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

रंगाऱ्याचं घर दोन खोल्यांचं होतं. एक भिंत निरनिराळ्या रंगांच्या हातभर पट्ट्यांनी भरलेली. उरलेले रंग तो घरी आणून तिथे लावून बघायचा. त्याची बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. बारीकभाऊंनी शिड्यांच्या कॅटलॉगचा विषय काढला, तशी पुढचं ऐकायच्या आत तिने फळीवरून तो काढला. एकतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"दुकानात मिळाला त्यांना. मला वाचून दाखवला होता. म्हणाले, मी आणि दोन डबे, सगळं मिळून सव्वाशेच्या आत. ही पुरेल."

"तो आकडा चुकीचा आहे. मांडणी माझी होती."

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला. "छापायच्या आधी दिसला होता तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. बारीकभाऊ म्हणाले, "दिसला होता."

"मग आता जा तुम्ही," ती म्हणाली.

चूक जाहीर करायला शिडीवाले मालक तयार होईनात. तेव्हा बारीकभाऊंनी छापखान्यातच 'भार १०५ किलो' अशा चिकटपट्ट्या छापल्या. छापखान्याच्या मालकाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सुपरवायझरने दुकानांची यादी गुपचूप आणून दिली. दर रविवारी ते पिशवी घेऊन निघायचे, दुकानदाराकडे कॅटलॉग मागायचे, पट्टी चिकटवायचे, झाल्या प्रकाराची कबुली द्यायचे. कुणी चहा पाजला, कुणी हाकलून लावलं.

चौथ्या आठवड्यात रंगाऱ्याची बायको छापखान्याच्या दारात उभी राहिली.

"दुकानात कळलं मला. त्या पट्ट्या मला द्या थोड्या. रंगवाल्यांची दुकानं माझ्या ओळखीची आहेत. तुमच्या यादीत नसतील ती."

बारीकभाऊंनी गठ्ठा पुढे केला.

"मी माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली.

"नाही समजत."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अडीच हजारांवर प्रती हाती लागल्या आहेत. बाकीच्या कुठे आहेत, कुणाच्या फळीवर, कुणाच्या खिशात, कुणालाच ठाऊक नाही. बारीकभाऊ अजून मांडणी करतात, पण आकडे एकटे तपासत नाहीत. शेजारी कुणाला तरी बसवून मोठ्याने वाचून घेतात.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. ती ख्यालीखुशाली विचारत नाही, दुकान आणि आकडा तेवढा सांगते. मागच्या रविवारी म्हणाली, "लोखंडवाल्याकडे तीन होते. दोनांवर पट्टी लावली. तिसरा परवाच एक गिऱ्हाईक घेऊन गेलं. कोण, ते त्याला आठवत नाही."

बारीकभाऊ काही विचारणार, तोवर तिने फोन ठेवला होता.