मधू मास्तरांनी कागद दाखवला नव्हता

मधू गेल्याचं कळलं तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्याच्या मुलीचा, वैदेहीचा होता. "काका, बाबा गेले. झोपेतच," एवढंच ती बोलली. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो, आणि पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, हे मी आज कबूल करतो. खरं काय घडलं ते माहीत असलेला आता मी एकटाच उरलो... हा तो विचार होता. दुःख नंतर आलं, सुकापूरला त्याच्या दारातल्या चपला पाहिल्यावर. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

मधुकर पाटणकर आणि मी पनवेलच्या एकाच शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी लोखंडाच्या कामात शिरलो आणि त्याने लाइन आळीत टायपिंगचं दुकान काढलं. दोन मराठी मशिनं, तीन इंग्रजी. सकाळी मुलींचे क्लास, म्हणून गाव त्याला मास्तर म्हणू लागलं. दुपारी कोर्टाचे अर्ज, जमिनीचे कागद आणि तळोज्याच्या कारखान्यांत जाणारी कोटेशनं. चूक त्याला सहन होत नसे. लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करायला कुणी आलं आणि त्यात 'आर्शीवाद' असलं, तर तो आधी ते दुरुस्त करायचा, मग विचारायचा, "मुलीचं नाव तरी बरोबर लिहिलंय ना?" संध्याकाळी आम्ही दोघं वडाळे तलावाच्या कडेने फिरायचो. मी बोलायचो, तो ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "अरविंदा, या वाक्याला पूर्णविराम दे. पुढच्या माणसाला श्वास घेऊ दे." माझ्या बायकोला हे वाक्य इतकं आवडलं की घरात ते तिने कायमचं उचललं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तळोज्यात कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. पाइप, शिड्या, टाक्या, दुरुस्त्या... आमच्यासारख्या लहान वर्कशॉपवाल्यांना कामं मिळत होती, पण ती लखोट्यातून. प्रत्येकाने आपला दर बंद लखोट्यात द्यायचा, सगळे लखोटे एकाच दिवशी फुटायचे. गंमत अशी की एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले आम्ही सगळे टाइप करायला मात्र मधूकडेच जायचो. नीट इंग्रजी टाइप करून देणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता. त्यामुळे सगळ्यांचे दर त्याच्या बोटांखालून जायचे. त्याने यावर एक रीत बसवली होती. कोटेशनला तो कोरा कार्बन लावायचा. एकदाच वापरलेला कार्बन उजेडाकडे धरला की त्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येतात, हे त्याला ठाऊक होतं. काम झालं की मूळ प्रत, कार्बन प्रत आणि तो काळा कागदही गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "तुमचा कार्बन तुम्ही न्या." लोक हसायचे. कुणी म्हणायचं, मास्तर, घरी नेऊन काय तोंड काळं करू? मधू म्हणायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं होऊ नये म्हणून देतोय.

त्या वर्षी एका रसायनांच्या कारखान्याने वर्षभराच्या देखभालीचं काम काढलं. करंजाड्याचे हसूराम भोईर आणि मी, खरी लढत आम्हा दोघांतच होती. हसूशेठ माझ्यापेक्षा मोठे, अनुभवी, कामाला चोख. माझ्याकडे सात वेल्डर होते आणि सात जणांना पुरेल एवढं काम चार महिन्यांपासून नव्हतं. हे काम गेलं तर वर्कशॉपला कुलूप लागणार होतं. मी माझा कागद सकाळीच टाइप करून घेतला होता. दुपारी सहज गप्पा मारायला दुकानात बसलो असताना हसूशेठ आले. पुतण्याची हळद होती, अंगावर पांढराशुभ्र झब्बा-लेंगा. कागद टाइप झाला, लखोट्यात गेला, आणि मधूने नेहमीप्रमाणे कार्बन पुढे केला. हसूशेठ दोन पावलं मागे सरले. "नको रं बाबा. आज हलदीला चाललोय, काला डाग पडला तर बायको घरात घेनार नाय. तुमीच जाला." मधू हसला आणि त्याने तो कार्बन संध्याकाळी जाळायचा म्हणून खणात ठेवला. आयुष्यात एकदाच त्याने आपली रीत मोडली, ती एका माणसाचा झब्बा वाचवायला. थोड्या वेळाने पेणहून येणाऱ्या आईला एसटी स्टँडवरून आणायला तो उठला. मला म्हणाला, दहा मिनिटं बस इथे.

दहा मिनिटं फार असतात. पहिली पाच मी नुसता खणाकडे बघत बसलो होतो, असं मला वाटतं. सात वेल्डरांची मी नावं घेतली मनात, जणू त्यांनीच मला उठवावं. मग खण उघडला, कार्बन खिडकीशी धरला, दर वाचला आणि कागद होता तसा परत ठेवला. माझ्या बोटांना लागलेला काळा रंग मी पँटीच्या खिशात पुसला.

मधू परत आला. आईला तो घरी सोडून आला होता. मी त्याला सांगितलं की माझा कागद पुन्हा टाइप करून दे, हिशेबात चूक सापडली. दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं. मला वाटलं असावं की त्याला सगळ्यांचे आकडे कुठे लक्षात राहणार. तो टाइप करत गेला आणि दराच्या आकड्याशी त्याची बोटं थांबली. माझा नवा दर हसूशेठच्या दराच्या जेमतेम खाली होता. मान वर न करता त्याने विचारलं, "हाच आकडा?"

"हाच," मी म्हणालो.

त्याने टाइप केलं. लखोटा दिला, आणि कार्बन माझ्या हातात ठेवत म्हणाला, "तुझा तू ने." दोन दिवसांनी तलावावर फिरताना तो स्वतःहून बोलला, जे तो क्वचित करायचा. लखोटे अजून फुटले नाहीत, दिलेला कागद परत मागता येतो, एवढंच. मी विषय बदलला. त्यानेही पुन्हा काढला नाही.

काम मला मिळालं. मी ते चांगलं केलं, त्यावर वर्कशॉप उभं राहिलं, सातचे वीस वेल्डर झाले. पण लखोटे फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी हसूशेठ लाइन आळीत आले, तेव्हा मी तिथेच होतो. ते पायरी चढले नाहीत. रस्त्यावरूनच म्हणाले, "मास्तर, आमी कागद कोनाला दाखवला नाय. तो फक्त तुमच्याकडं व्हता. एवढ्याशा फरकानं काम जातंय, ते आपसूक जातंय काय?"

मधू उठून उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. म्हणाला, "कार्बन माझ्या ताब्यात होता हसूशेठ. चूक माझी."

मी तोंड उघडायला हवं होतं. तेवढं एक वाक्य होतं. मी बाकावर बसून राहिलो.

पनवेल तेव्हा लहान होतं. महिनाभरात एकही वर्कशॉपवाला त्याच्याकडे कोटेशन आणेना. मास्तरांनी मित्राला दर फोडला, हे सगळे धरून चालले. मित्राला कुणी दोष दिला नाही. धंद्यात असं चालतं म्हणाले. टायपिस्टाने मात्र असं करायचं नसतं. दुकान मुलींच्या क्लासवर आणि कोर्टाच्या अर्जांवर रखडत राहिलं. मी त्याला माझ्या ऑफिसात ये म्हणालो, तर हसून म्हणाला, "तुझ्याकडे येऊन काय करू? तुझा खण सांभाळू?" इतकं टोचून तो नंतर कधी बोलला नाही. माझ्या घरचं कुठलंही कार्य त्याच्याशिवाय झालं नाही. थंडीत आम्ही वर्कशॉपच्या मागे पोपटी लावायचो, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला, आणि मडकं कधी उतरवायचं हे ठरवायचा हक्क त्याचा होता. "घाई करणाऱ्याला कच्च्या शेंगा," असं म्हणून तो सगळ्यांना तिष्ठत ठेवायचा. पुढे संगणक आले, मशिनं भंगारात गेली, त्याने दुकान विकून सुकापूरला दोन खोल्या घेतल्या.

नव्वदचं दशक संपताना, अशाच एका पोपटीला, बाकीचे पांगल्यावर मी त्याला विचारलं होतं की त्या दिवशी त्याने माझं नाव का घेतलं नाही. तो शेंग सोलत होता. ती पूर्ण सोलून झाल्यावर म्हणाला, "तू सांगशील, म्हणून थांबलो."

थांबलो म्हणाला, आणि थांबलेलाच होता. त्यानंतरही वीसेक वर्षं मी त्याला थांबवून ठेवलं...

मधूचे दिवस झाल्यावर मी करंजाड्याला हसूशेठकडे गेलो. आता ते नव्वदीला आले आहेत, कान मंद झाला आहे, म्हणून जे कुजबुजत सांगावं असं वाटत होतं ते मला मोठ्याने सांगावं लागलं. सुना-नातवंडांनी ऐकलं. हसूशेठनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "रस्त्यात भेटला का नमस्कार करायचा तो. मी तोंड फिरवायचो. दर टायमाला." जरा वेळाने म्हणाले, "मला सांगून काय उपेग? त्यानं दर फोडला असं मी एकटाच नव्हतो मानत. पनवेल मानत व्हतं. पनवेलला सांग."

वैदेहीला सांगणं त्याहून कठीण गेलं. दुकान का बसलं हे ती आईला लहानपणापासून विचारत आली होती, आणि खरं कारण आईलाही ठाऊक नव्हतं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तसं विचारलंही नाही. "लिहा काका," ती म्हणाली. "नाव घालून लिहा. पण घरी नेऊ नका. बाबांच्या टेबलावर बसून लिहा."

म्हणून हे मी सुकापूरला बसून लिहितो आहे. दुकानातून त्याने एवढं एक टेबल आणलं होतं. मशीन केव्हाच गेलं, पण त्याच्या चार पायांचे चार खड्डे लाकडात उतरले आहेत, आणि कागद कसाही ठेवला तरी पेन त्यातल्या एका खड्ड्यात जातंच. तिथे अक्षर फाटतं, हात थांबतो. आत वैदेही भांडी आवरते आहे. हा कागद आधी ती वाचेल आणि मग तो पेपरकडे जाईल. मधुकर पाटणकरांनी हसूराम भोईरांचा दर कुणालाही दाखवला नव्हता. तो मी, अरविंद सोहोनी याने, त्यांच्या पाठीमागे त्यांचा खण उघडून पाहिला.