काचेवरचा माझा फोटो

लंडनमधल्या आमच्या योगकेंद्राच्या दाराला, काचेच्या आतून, त्या सकाळी माझा फोटो लावलेला दिसला. डोळे मिटून बसलेली मी. मी तिथे नुकतीच शिकवायला लागले होते. एकच वर्ग मिळाला होता, तोही भर दुपारचा. त्या वेळी फारसं कुणी फिरकत नसे. मग फोटो माझाच का? आनंद व्हायच्या आधीच मनात शंका आली.

तिथे सावळ्या शिक्षिका आम्ही दोघीच. नलिनीताई जुन्या, म्हणून त्यांना फोन केला.

"तुझ्याआधी तिथे माझा फोटो होता," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचा वर्ग आत्ताच माग. नंतर दुपारचीच सवय होते."

"त्यांना?"

"आपल्याला गं."

त्यांच्या आवाजात काळजी होती की स्वतःचा फोटो उतरल्याची खंत, मला ठरवता येईना. परक्या गावात कौतुक पारखून घेणारं मन आपल्या माणसाचा सल्लाही पारखल्याशिवाय सोडत नाही. दोन्ही खरं असेलही. पण सारखं पारखत बसण्याचाच शीण येतो.

केंद्राच्या मालकीणबाईंकडे संध्याकाळचा वर्ग मागितला. त्या हसल्या. "संध्याकाळी लोकांना ओळखीचे चेहरे लागतात."

"मग दारावरचा माझा चेहरा काढा," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. पुढच्याच आठवड्यात संध्याकाळचा वर्ग मिळाला. खोली भरते, लोक मन लावून शिकतात. तरी हा वर्ग मला माझ्या शिकवण्यामुळे मिळाला की त्यांना दारावर माझा फोटो हवा होता म्हणून, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.